पिकअपचा पुढचा हब नकलमधून सुटेना. कुणी काढलाय का?

जांबोटीकर

नमस्कार मंडळी. गाडी फोर व्हील ड्राइव्ह डबल केबिन पिकअप, सेकंडहँड घेतलेली. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर पहिल्याच प्रतिसादात 'ती गाडी घेतलीसच कशाला' सुरू होईल.

पुढच्या डाव्या चाकातून चाळीसच्या वर गेलं की घूंऽऽ असा आवाज येतो. उजव्या वळणाला वाढतो, डाव्या वळणाला कमी होतो. चाक उचलून वर-खाली धरून हलवलं तर खेळ हाताला लागतो. म्हणजे बेअरिंग गेलंय, त्यात वाद नाही. या गाडीला बेअरिंग सुटं मिळत नाही. हब, बेअरिंग, फ्लँज सगळं मिळून एकच सीलबंद नग येतो. तो नकलच्या (चाक धरणारा आणि स्टिअरिंगबरोबर वळणारा भाग) भोकात बसतो आणि मागून चार बोल्टनी आवळलेला असतो.

कॅलिपर, डिस्क, एक्सलचा नट, चारही बोल्ट निघाले. एबीएसचा सेन्सर कसाबसा सुटला. शाफ्टचे स्प्लाइनपण (हबमध्ये अडकणाऱ्या खाचा) मोकळे झालेत, शाफ्ट आत-बाहेर सरकतो. पण हब केसभर हलत नाही. गंजून नकलशी एकजीव झालाय. आमच्या इथल्या मिस्त्रीनं घणानं भरपूर हाणलं आणि 'आगंगिल्लरी' (होत नाही हो) म्हणून चहाला गेला, तो आलाच नाही.

आता प्रश्न. गाडीवरच निघेल, की नकल उतरवून बेळगावला न्यावी? गॅस लावावा का? नवीन नग घरी येऊन पडलाय, त्यामुळे जुना वाचवायचा नाही. नकल मात्र वाचली पाहिजे, तिची किंमत विचारून आलोय. चतुर्थीच्या आधी चोर्ल्यातून गोव्याला भाजीची खेप ठरलेली आहे, म्हणून घाई.

अनगोळचा_आप्पा

ती गाडी घेतलीसच कशाला?

(माफ करा, राहवलं नाही.)

निपाणीचा_नाना

आधी तेल मुरू द्या. लोकांना धीर नसतो, फवारा मारला की लगेच हातोडा. तो निळा-पिवळा डबा मुळात ओलावा हटवायला बनवलेला आहे, इतक्या जुन्या गंजात तो फार आत शिरत नाही. गंज सोडवायचं वेगळं तेल मिळतं ते आणा. नाही मिळालं तर एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, आणि अॅसिटोन निम्मं-निम्मं. संध्याकाळी मारा, झोपायच्या आधी परत मारा, सकाळी परत. नकल आणि हबच्या सांध्यावर वरून सोडा, म्हणजे ते आपोआप खाली उतरतं. अॅसिटोन भडकतं, विडी ओढत हे काम नको. विडी-तंबाखूच्या निपाणीतल्या माणसानं हे सांगावं, म्हणजे बघा.

बोल्टच अडकले असते तर मेणबत्तीचा उपाय सांगितला असता. गरम करून आट्यांपाशी मेण टेकवायचं, आत ओढलं जातं. पण तुमचे बोल्ट सुटलेत म्हणता, तर ते राहू दे.

गडहिंग्लजचा_गडी

तेलबिल काही नको. स्टिअरिंगचा जोर वापर. एक बोल्ट मागून थोडे आटे घालून ठेव, त्याच्या डोक्यावर सॉकेट आणि एक्स्टेंशन लाव, दुसरं टोक एक्सलच्या घरावर टेकव. इंजिन चालू करून स्टिअरिंग हळूहळू फिरव. पॉवर स्टिअरिंग हबला बाहेर ढकलतं. मग समोरचा बोल्ट, मग परत हा. अमेरिकेत मोठ्या पिकअपला असंच काढतात, व्हिडिओ पडलेत ढिगानं.

टर्नर_शहापूर

वरची युक्ती खरी आहे, पण पुढचा एक्सल अखंड असेल तरच. तिथं एक्सलचं घर जागेवर राहतं आणि नकल त्याच्याभोवती फिरते, म्हणून टेकू मिळतो. जांबोटीकरांच्या गाडीला पुढं दोन्ही चाकं सुटी असावीत, वर-खाली विशबोन (चाकाला धरणारे हात). तिथं एक्स्टेंशन टेकवणार कशाला? शाफ्टच्या रबरी बूटाला? बूट फाटेल, सांधा जाईल. जांबोटीकर, खात्री करून सांगा.

जांबोटीकर

बरोबर, पुढं सुटीच आहेत. वर-खाली विशबोन, बॉल जॉइंट.

गडहिंग्लजचा_गडी

मग माझा सल्ला मागे. दुसऱ्या कुणाच्या कामी येईल, राहू दे इथंच.

कोल्हापूर_रिटर्न

स्लाइड हॅमर भाड्यानं आणा. हबच्या स्टडला लावायचा आणि वजन मागं आपटायचं. आमच्या ओळखीच्या गॅरेजात असंच केलं, अर्ध्या तासात फ्लँज बाहेर.

टर्नर_शहापूर

फ्लँज बाहेर. आणि बाकीचं?

कोल्हापूर_रिटर्न

बाकीचं नकलमध्येच राहिलं. :( बाहेरची रिंग तशीच बसलेली. मग वेल्डर बोलावला.

टर्नर_शहापूर

तेच सांगायचं होतं. जरा सविस्तर लिहितो, कारण सगळा खेळ इथंच आहे.

या नगाचे दोन भाग असतात. चाक ज्याला बसतं तो फिरणारा भाग, आणि नकलला आवळलेला स्थिर भाग. दोघांमध्ये गोळ्यांच्या किंवा रोलरच्या दोन रांगा. अडकलाय तो स्थिर भाग. तुम्ही चाकाच्या फ्लँजला ओढलं, ठोकलं, स्लाइड हॅमर लावला, की तो सगळा जोर गोळ्यांमधून स्थिर भागात जातो. गंजाची पकड गोळ्यांच्या खाचेपेक्षा जास्त असली तर आधी बेअरिंग उलगडतं. फिरणारा भाग हातात येतो आणि स्थिर भाग नकलमध्ये हसत बसतो. तुमच्या मिस्त्रीनं घण कुठं मारला ते लिहिलं नाहीत, पण बहुतेक फ्लँजवरच मारला असणार.

जोर थेट स्थिर भागावर गेला पाहिजे. त्याला रस्ते दोन.

एक म्हणजे फिरवणं. स्थिर भागाला बोल्टचे कान असतात. चारही बोल्ट पूर्ण काढून त्या कानांवर बाजूनं, म्हणजे हब भोकात गोल फिरेल अशा दिशेनं, जाड बोथट छिन्नी ठेवून ठोका. इकडून थोडं, तिकडून थोडं. लोक पहिल्यापासून बाहेर ओढायच्या मागं लागतात. गंजलेला गोल भाग आधी फिरवून मोडायचा, मग ओढायचा. केसभर फिरला की अर्धं काम झालं आणि तेलालाही वाट मिळते.

दुसरा, मागून ढकलणं. जुनेच बोल्ट परत आत घाला, पण पूर्ण आवळू नका. डोकं आणि नकलमध्ये बोटभर फट राहू दे. मात्र निदान निम्म्याहून जास्त आटे धरलेले असावेत, नाहीतर आटेच खरवडून निघतील. डोक्यावर सॉकेट, त्यावर एक्स्टेंशन, आणि त्यावर हातोडा. एका बोल्टवर चार फटके मारून मोकळं होऊ नका. समोरासमोरचे बोल्ट आळीपाळीनं घ्या, नाहीतर हब भोकात तिरका होऊन आणखी आवळतो. हे बोल्ट नंतर फेकायचे. बसवताना नवे.

नग भंगारात जायचाच आहे, म्हणून त्याच्या आट्यांचं दुःख नाही.

कणकुंबीचा_पाऊस

टर्नरभाऊ, दंडवत. पण इतकं गंजतंच कशामुळं? आमच्याकडं पाऊस काय कमी आहे का, तरी आमच्या गाडीचा हब हातानं निघाला होता. जांबोटीकर, गाडीचं पासिंग कुठलं?

जांबोटीकर

एमएच ०७.

कणकुंबीचा_पाऊस

सिंधुदुर्ग! मग बोलायलाच नको. मासळीची गाडी असणार. मालवण-वेंगुर्ल्याहून आंबोली चढून बेळगावच्या बाजारात. बर्फ वितळून खारं पाणी हौद्यातून खाली गळतं ते नेमकं चाकांवर.

जांबोटीकर

हौद्यात बांगड्याचा वास येतो खरा. विकणारा म्हणाला होता की आंब्याची गाडी आहे.

अनगोळचा_आप्पा

आंब्याबरोबर बांगडे फुकट. आणि काय पाहिजे तुम्हाला?

पुण्यातला_बेळगावकर

खाऱ्या पाण्याचा मुद्दा पटला. मिठाच्या पाण्यातून वीज सहज वाहते, त्यामुळं गंजायची क्रिया जोरात होते. शिवाय मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं, म्हणजे उन्हाळ्यातही सांध्यात दमटपणा राहतो. आणि गंज हा मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापतो. नकल आणि हबमध्ये मुळात जागाच नाही, तिथं गंज फुगला की तो पाचरीचं काम करतो. नकल अॅल्युमिनियमची असेल तर आणखी वाईट, दोन वेगळे धातू आणि मध्ये खारं पाणी. चुंबक लावून बघा नकलला. गॅस लावायचा की नाही ते त्यावर ठरेल.

अवांतर: पुण्यात असलं काम कुणी करून देत नाही. थेट 'नकलसकट बदला' म्हणतात. आपलं बेळगावचं उद्यमबाग ते उद्यमबाग.

जांबोटीकर

चुंबक चिकटतंय, म्हणजे नकल अॅल्युमिनियमची नाही.

उद्यमबागचा_फिटर

कशाला एवढं डोकं लावूलालाय ओ? नकल उतरवा, गाडीत घाला, हितं आणा. फौंड्र्या, लेथवाले, हायड्रॉलिक प्रेसवाले सगळे हितंच हाईत. प्रेसखाली ठेवली की कट्ट करून सुटतंय. घण मारत बसलासा तर नकलचा कान मोडतोय, मग बसा बोंबलत. जांबोटीस्नं बेळगाव काय लांब न्हाई की.

संकेश्वरची_सुनंदा

प्रेसला नेणं वाईट नाही, पण नकल उतरवायची म्हणजे वरचा-खालचा बॉल जॉइंट आणि टाय रॉड सोडवायचा. ज्या गाडीचा हब असा गंजलाय तिचे बॉल जॉइंट काय लोण्यात ठेवलेले असतील? ते काढताना बूट फाटतात. मग तेही नवे. खर्च वाढत जातो. आधी गाडीवर टर्नरभाऊंची पद्धत, न जमल्यास प्रेस.

आणि प्रेसला नेलंच तर नकलला खालून आधार नेमका भोकाच्या कडेभोवती द्यायला सांगा. लांबच्या कानावर टेकवून प्रेस मारली तर फिटरभाऊ म्हणतात तो कान प्रेसखालीच मोडेल. बिडाला वाकणं माहीत नसतं.

उद्यमबागचा_फिटर

सुनंदादादा बरोबर बोलले. आधार कडंलाच पाहिजे.

संकेश्वरची_सुनंदा

नावात सुनंदा आहे. दादा नाही, ताई. मिरचीच्या आमच्या दोन पिकअप आहेत, त्यांच्याखाली मीच लोळते.

उद्यमबागचा_फिटर

चुकलं ताई. कवा आलासा तर चहा.

चिकोडीचा_शंकऱ्या

नकल उतरवली की अलाइनमेंट जातं ना? तोही खर्च धरा.

टर्नर_शहापूर

टाय रॉडचा लॉकनट न हलवता नुसतं टोक टेपरमधून सोडलं, आणि विशबोनच्या आतल्या बाजूच्या कॅम बोल्टना हात लावला नाही, तर अलाइनमेंट जिथं होतं तिथंच राहतं. गॅरेजवाले बिल वाढवायला सांगतात. तपासून घेतलं तर बिघडत नाही एवढंच.

जांबोटीकर

गॅसचं कुणी सांगा. शेजारी वेल्डिंगचं दुकान आहे, तो तयारच आहे. म्हणतो लालबुंद करतो.

संकेश्वरची_सुनंदा

लालबुंद नको! नकल हा स्टिअरिंगचा भाग आहे, त्यावर सगळ्यांचा जीव आहे. तापवायची ती नकल, हब नाही. बाहेरचा भाग तापून फुगला तर भोक मोठं होतं. हब तापवलात तर तोच फुगून उलट आवळेल. भोकाभोवती ज्योत गोल फिरती ठेवा, एका जागी धरू नका. पाण्याचा थेंब टाकला की चुर्र होऊन उडाला, एवढं पुरे.

त्याआधी या गोष्टी बघा. एबीएसची वायर पूर्ण बाजूला बांधा. ब्रेकचा रबरी पाइप आणि बॉल जॉइंटचे बूट ओल्या फडक्यानं गुंडाळा. कॅलिपर पाइपवर लोंबकळत ठेवला असेल तर तारेनं वर बांधा. शाफ्टही तसाच लोंबकळू देऊ नका, आतला सांधा निसटतो. नानांचं अॅसिटोनवालं मिश्रण मारलं असेल तर ते पूर्ण पुसून, उडून जाऊ द्या, मगच ज्योत. आणि ब्रेक क्लीनर मारलेल्या जागी तर गॅस अजिबात नको. काही क्लीनरमध्ये क्लोरीनवाला द्रव असतो, तो तापला की विषारी वायू होतो.

सगळ्यात आधी म्हणजे गाडी नुसत्या जॅकवर आहे का? हब ठोकताना गाडी हलते. स्टँड लावा, मागच्या चाकांना दगड लावा.

जांबोटीकर

जॅक आणि खाली चिऱ्याचे दगड आहेत.

संकेश्वरची_सुनंदा

चिरा नको. जांभा दाबाखाली न सांगता फुटतो. स्टँड नसतील तर लाकडाचे जाड ओंडके, आडवे-उभे रचून.

निपाणीचा_नाना

ताई, तुम्ही आमच्या पोराला शिकवायला या निपाणीला.

अथणीचा_ऊसवाला

मधेच विचारतो. आमची साधी पिकअप, जुनी, मागची दोनच चाकं ओढणारी. तिला हे लागू का?

टर्नर_शहापूर

नाही. तिला पुढं दोन सुटी टेपर बेअरिंग असतात, आतलं आणि बाहेरचं, मध्ये ग्रीस. डब्बी काढा, पिन काढा, नट काढा, हब हातात. अडकलीच तर आतली रिंग स्टबवर चिकटून राहते, ती पुलरनं निघते. तुमची गाडी गरिबाची आहे, पण समजूतदार आहे. तिचं ग्रीस मात्र वेळच्या वेळी बदला. उसाच्या फडात चिखलातून आली की लगेच प्रेशरच्या पाण्यानं हबवर नेम धरून धुऊ नका, सीलमधून पाणी आत जातं.

अथणीचा_ऊसवाला

आमचा पोरगा तर नळी तिथंच धरतो. सांगतो त्याला.

कोल्हापूर_रिटर्न

माझा किस्सा अर्धाच राहिला. रिंग आत राहिली तेव्हा वेल्डरनं आतून तिच्यावर वेल्डिंगचा एक गोल बीड ओढला आणि थंड होऊ दिलं. वेल्डिंग थंड होताना आकसतं, रिंगही आकसली, आणि नुसत्या छिन्नीनं टपकन पडली. कुणाचा नग उलगडला तर घाबरू नका.

संकेश्वरची_सुनंदा

बरोबर. फक्त बॅटरीची वायर आधी काढा, आणि वेल्डिंगची अर्थ त्याच नकलला लावा. अर्थ लांब लावली तर करंट दुसऱ्या एखाद्या चांगल्या बेअरिंगमधून जातो आणि त्याच्या गोळ्यांवर डाग पडतात. महिन्याभरात तेही घूंऽऽ करतं.

बेळगुंदीची_रताळी

माझ्या मते खंडेनवमीला या गाडीला नारळ फोडलेला नाही.

जांबोटीकर

निघाला!!

तपशील सांगतो, पुढं कुणाला लागेल. तेल रात्रभर मुरवलं. सकाळी पुसून काढलं, स्टँड शेजाऱ्याकडून आणले (ताई, चिरे काढले). घण गोदामात ठेवला. बोथट छिन्नी स्थिर भागाच्या कानावर बाजूनं ठेवून ठोकायला सुरुवात केली. बराच वेळ काही नाही. मग वेल्डरनं नकलभोवती ज्योत फिरवली, ताईंच्या हिशेबानं, थेंब चुर्र होईपर्यंत. पुढच्या फटक्यांना आवाज बदलला. आधी ठण्ण यायचा, तो ठप्प यायला लागला. सांध्यातून तांबडी भुकटी गळली. कान दुसऱ्या बाजूनं ठोकला तर हब फिरला! मग मागून बोल्टवर समोरासमोर फटके. एकदम नाही, पण प्रत्येक फेरीला फट वाढत गेली आणि शेवटी हातानं ओढून काढला. डिस्कमागचा पत्रा मात्र गंजून चाळणी झालेला, तो तुकड्यातुकड्यानं निघाला.

नकल ठणठणीत आहे. भोकात गंजाचा जाड थर आहे. आता बसवताना काय काळजी?

उद्यमबागचा_फिटर

शाब्बास ओ! कुंदा पायजे आता. साधा न्हाई, चांगल्या दुकानातला.

टर्नर_शहापूर

भोक तारेच्या ब्रशनं आणि मग बारीक पॉलिश पेपरनं साफ करा. गंज निघाला पाहिजे, धातू नाही. ग्राइंडर आत घालू नका, भोक मोठं झालं तर नवा नग खेळेल. नकलची सपाट बाजू, जिथं हब टेकतो, तीही तितकीच स्वच्छ हवी. तिथं खपली राहिली तर हब तिरका बसेल आणि डिस्क डुलेल. मग भोकात तांब्याच्या ग्रीसचा पातळ हात. पातळ म्हणजे पातळ, भाकरीला तूप लावतो तसं नाही. डिस्कच्या घासणाऱ्या बाजूला आणि सेन्सरच्या तोंडाला ग्रीस लागू देऊ नका.

नवे बोल्ट आणि एक्सलचा नवा नट, दोन्ही टॉर्क पान्यानं, मॅन्युअलमध्ये तुमच्या गाडीचा जो आकडा असेल त्यावर. इथं कुणी सांगितलेल्या आकड्यावर नको, माझ्याही नको.

चिकोडीचा_शंकऱ्या

एक्सलचा नट आवळताना शाफ्ट फिरतो. सरळ चाक लावून गाडी खाली ठेवायची आणि मग आवळायचा, सोपं.

संकेश्वरची_सुनंदा

या सीलबंद नगाला ते करू नका. नटाचा दाब बसायच्या आधी गाडीचं वजन आलं तर आतल्या रिंगा नीट धरलेल्या नसतात, नवं बेअरिंग पहिल्याच दिवशी खराब होऊ शकतं. चाक हवेत ठेवून कुणालातरी ब्रेक दाबून धरायला सांगा आणि आवळा.

जांबोटीकर

बसवला. बायकोनं ब्रेक दाबला, मी आवळला, मुलानं मोबाईलवर व्हिडिओ काढला. आवाज गेला, खेळ गेला. पण डॅशवर एबीएसचा दिवा पेटतोय.

संकेश्वरची_सुनंदा

सेन्सर काढून बघा. त्याच्या टोकाला चुंबक असतं, साफसफाईतली लोखंडी भुकटी तिथं चिकटते. सेन्सर बसतो त्या जागेखालीही गंजाची खपली असेल, ती सेन्सरला वर उचलते आणि अंतर वाढतं. दोन्ही पुसा, कनेक्टर दाबून बसवा. दिवा लगेच न गेल्यास थोडं चालवून बघा, बऱ्याच गाड्यांत चाकं फिरल्यावरच सिस्टीम स्वतःला तपासते.

जांबोटीकर

भुकटीच होती ताई, मिशीसारखी चिकटलेली. पुसून खानापूरपर्यंत जाऊन आलो, दिवा गेला. सगळ्यांचे आभार. आप्पांचेसुद्धा.

पुण्यातला_बेळगावकर

उजवीकडचं बेअरिंग आज चांगलं असलं तरी तेही बांगड्यांच्या पाण्यातच वाढलंय. हात बसलाय तोवर त्या बाजूचे चार बोल्ट एक एक सोडून, आट्यांना ग्रीस लावून परत टॉर्कवर आवळून ठेवा. सांध्यात तेलही सोडा, डिस्कवर उडू न देता.

जांबोटीकर

चतुर्थीची खेप झाली की तेच करणार.

अथणीचा_ऊसवाला

आणि माझ्या गाडीच्या मागच्या चाकातून कुर्रकुर्र येतंय ते काय असेल?

टर्नर_शहापूर

वेगळा धागा काढा. फोटो टाका. आणि पोराच्या हातातली नळी आधी काढून घ्या.